स, ला, ते आणि स्पॅनिश

'बुस्को उन मेदिको' म्हणजे 'मी डॉक्टर शोधतेय'. 'बुस्को आ उन मेदिको' म्हणजे 'मी एका डॉक्टरांना शोधतेय'. पहिल्या वाक्यात कुणीही डॉक्टर चालेल. अंगात ताप आहे, औषध हवंय. दुसऱ्या वाक्यात एक ठरावीक माणूस मनात आहे, त्याचा चेहरा ओळखीचा आहे. स्पॅनिशमध्ये हा सगळा फरक एका 'आ'वर तोललेला आहे आणि मराठीत एका 'ला'-'ना'वर.

इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारी जी पुस्तकं माझ्या हाती आली, त्यांत या 'आ'ला एक वेगळी चौकट दिलेली असते. कर्म माणूस असेल तर त्याच्याआधी 'आ' घालावा, याला इंग्रजीत प्रतिशब्द नाही, सवयीने जमेल, असा तिचा सूर. ज्याची सगळी विचारपद्धती इंग्रजीत घडली त्याला हा नियम खरोखरच उपरा वाटणार. पण ज्या घरात 'मी घर बघितलं' आणि 'मी वहिनींना बघितलं' अशी वाक्यं दिवसभर बोलली जातात, तिथे या नियमात नवीन काय आहे? घराला 'ला' लागत नाही, वहिनींना लागतो. स्पॅनिश 'बेओ ला कासा' म्हणते, म्हणजे घर पाहते, आणि 'बेओ आ मारिया' म्हणते, म्हणजे मारियाला पाहते. रस्त्यावरचं एखादं कुत्रं दिसलं तर 'आ' वगळला तरी चालतो. आपला पाळलेला कुत्रा असेल तर 'आ' येतोच. आपणही 'वाटेत एक कुत्रा पाहिला' म्हणतो आणि 'आमच्या मोत्याला पाहिलंत का' असं विचारतो.

मी शाळेत बरीच वर्षं मराठी व्याकरण शिकवलं. विभक्तीचा तक्ता मुलं सुरात म्हणायची: द्वितीया स, ला, ते, चतुर्थी स, ला, ते. दोन्हींचे प्रत्यय सारखेच, मग ओळखायचं कसं, हा प्रश्न दरवर्षी यायचा. 'मारियाला पाहिलं' इथे मारिया कर्म आहे, 'मारियाला पुस्तक दिलं' इथे दान आहे. प्रत्यय एक, नातं वेगळं. स्पॅनिशचा 'आ' हेच दुहेरी काम करतो. 'बेओ आ मारिया' आणि 'ले दोय एल लिब्रो आ मारिया', दोन्हीकडे तोच 'आ'. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर वाढल्या आणि तरी दोघींनी माणूसपणाची खूण त्याच जागी ठेवली, याचा मला मनापासून आनंद होतो.

माझी नात माद्रिदला वाढते आहे. स्पॅनिश शिकण्याचं माझं कारण तीच. व्हिडिओवर बोलता बोलता ती खेळणी शोधत असते. चेंडू हरवला की 'बुस्को ला पेलोता', बाहुली हरवली की 'बुस्को आ मि मुन्येका'. मराठीतही ती 'बॉल शोधते' आणि 'बाहुलीला शोधते' असंच म्हणते. चेंडू वस्तू आहे, बाहुली कुणीतरी आहे, हे तिला दोन्ही भाषांत ठाऊक आहे आणि कुठलीही चौकट तिने वाचलेली नाही.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच: मराठी माणसाने स्पॅनिशचं व्याकरण शिकताना मधली इंग्रजी शक्य तिथे बाजूला ठेवावी. आपण क्लासला जातो, पुस्तक इंग्रजीत, शिक्षकांचं स्पष्टीकरण इंग्रजीत, आणि नकळत आपणही इंग्रज माणसाच्या अडचणी आपल्या मानून घेतो. त्याला जे अवघड ते आपल्याला अवघड वाटू लागतं. आपल्याकडे जे आधीच आहे त्याकडे लक्ष जात नाही.

'मे गुस्ता एल मांगो' घ्या. पुस्तक सांगतं, हे वाक्य उलटं आहे: 'आंबा मला आवड देतो' असं समजा, म्हणजे जमेल. मराठीत ते वाक्य 'मला आंबा आवडतो' आहे, आणि त्यात उलटं काही नाही. ज्याला आवडतं त्याला 'ला', जे आवडतं त्याच्याप्रमाणे क्रियापद. एक आंबा असेल तर 'गुस्ता', अनेक असतील तर 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. 'मला'वर जोर द्यायचा झाला की स्पॅनिश माणूस 'आ मि मे गुस्ता' म्हणतो, तो म्हणजे आपला 'मला ना, मला आवडतो'. 'मे पारेसे' म्हणजे मला वाटतं. 'मे फाल्ता' म्हणजे मला कमी पडतंय. ज्या क्रियापदांची इंग्रजी पुस्तकात भीती घातलेली असते, ती आपण मराठीत जन्मापासून बोलत आलो आहोत.

सगळीकडे असा मेळ बसत नाही, तेही पाहिलं पाहिजे. भूक, तहान, थंडी, भीती, झोप या सगळ्यांसाठी स्पॅनिशकडे एकच क्रियापद आहे, 'तेनेर', म्हणजे जवळ असणं. 'तेंगो आंब्रे', 'तेंगो सेद', 'तेंगो फ्रिओ', 'तेंगो मिएदो', 'तेंगो सुएन्यो'. वयसुद्धा जवळ असतं: किती वर्षं आहेत तुझ्याकडे, असं विचारतात. मराठीत भूक लागते, थंडी वाजते, भीती वाटते, झोप येते. जवळजवळ प्रत्येक जाणिवेला तिचं स्वतःचं क्रियापद. इथे स्पॅनिश सोपी आणि मराठी श्रीमंत, आणि शिकणाऱ्या परदेशी माणसाचे हाल मराठीतच जास्त होत असणार.

एका भाषेकडे दुसऱ्या भाषेच्या चौकटीतून पाहणं जुनंच आहे. आंतोनियो दे नेब्रिखा याचं कास्तिलियन भाषेचं व्याकरण १४९२ साली १८ ऑगस्टला सालामांकात छापून झालं. युरोपातल्या एखाद्या बोलीभाषेचं हे पहिलं छापील व्याकरण मानतात. पंधरा दिवस आधी, ३ ऑगस्टला, कोलंबसाची जहाजं पालोस बंदरातून निघालेली होती. नेब्रिखाने आपला ग्रंथ इसाबेला राणीला अर्पण केला आणि प्रस्तावनेत सांगितलं की जिंकलेल्या लोकांना विजेत्यांची भाषा शिकावी लागेल, त्यांना याचा उपयोग होईल. नेब्रिखा लॅटिनचा पंडित, त्याच्या हाताशी साचा होता तो लॅटिनचा. लॅटिन व्याकरणाचा तो साचा घेऊन पुढे आयबेरियातले धर्मोपदेशक जगभर गेले आणि भेटेल त्या भाषेचं व्याकरण लिहू लागले. आपल्या गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमधून लिहिलं. त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली ते साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिणारा तोच हा स्टीफन्स. पुढे १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणांची मांडणी डोळ्यांसमोर होती. या सगळ्यांनी मोठी कामं केली. पण आज मराठी आणि स्पॅनिश यांची थेट गाठ घालून द्यायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

क्रियापद चालवायला शिकताना पुस्तकात पहिलं उदाहरण 'आब्लार'चं असतं, म्हणजे बोलणं. मी मराठी विद्यार्थ्याला 'पागार' देईन. पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्हींत हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणं. पोर्तुगिजांकडून ते आपल्याकडे आलं आणि महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होऊ लागलं. त्याचा 'आर' काढला की उरतं 'पाग', त्याला प्रत्यय लावायचे: पागो, पागास, पागा, पागामोस, पागाइस, पागान. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. प्रत्ययातच कर्ता आहे, म्हणून 'यो', 'तू' ही सर्वनामं बहुतेक वेळा गळतात. आपणही 'येतो हं' म्हणून निघतो, 'मी' म्हणावं लागत नाही. फक्त आपल्या 'येतो-येते'त बोलणारा पुरुष की बाई ते कळतं, स्पॅनिशच्या 'बोय'मध्ये, म्हणजे 'जातो' आणि 'जाते' दोन्हींसाठीच्या एकाच रूपात, कळत नाही. ते विशेषणात कळतं: दमलेला पुरुष 'एस्तोय कान्सादो' म्हणतो, दमलेली बाई 'कान्सादा'.

'पागामोस'मध्ये मात्र मला दरवेळी काहीतरी उणं वाटतं. टेबलाभोवती चौघं बसलेत, बिल आलंय आणि एकजण म्हणाला 'पागामोस'. आपण सगळे देऊ, की आम्ही दोघं देतो, तुम्ही राहू द्या? मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत, समोरच्याला आत घेतलं की बाहेर ठेवलं ते पहिल्या शब्दाला कळतं. स्पॅनिशच्या 'नोसोत्रोस'मध्ये ते कळत नाही, पुढचं बोलणं ऐकावं लागतं. ही सोय सोडून द्यावी लागते आणि मला ती सोडताना जड जातं.

त्याची भरपाई 'उस्तेद' करतो. समोरच्या माणसाला आदराने बोलायचं तर 'तू' सोडून 'उस्तेद' म्हणायचं आणि क्रियापद तृतीय पुरुषी वापरायचं. 'बुएस्त्रा मेर्सेद' या जुन्या आदरार्थी संबोधनाचा झिजून झालेला हा शब्द; अर्थ साधारण 'आपली कृपा'. समोर बसलेल्या माणसाशी तृतीय पुरुषात का बोलायचं, हा प्रश्न इंग्रजीतून येणाऱ्याला पडतो. 'साहेबांनी चहा घ्यावा', 'ताईंनी आधी जेवून घ्यावं' अशी वाक्यं समोरासमोर ऐकलेल्या माणसाला पडू नये. कुठे 'तू' आणि कुठे 'उस्तेद' हे मात्र देशागणिक बदलतं. स्पेनमध्ये 'तू' पटकन येतो, बोगोतात घरच्या माणसांतही 'उस्तेद' चालतो, अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' आहे. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

आता 'सेर' आणि 'एस्तार'. 'असणे' या एका क्रियापदाच्या जागी स्पॅनिशमध्ये दोन आहेत, आणि नवशिक्यांना सगळ्यात जास्त रडवतात ती हीच. पुस्तकी नियम असा की कायमचं असेल तिथे 'सेर', तात्पुरतं असेल तिथे 'एस्तार'. हा नियम दोनच उदाहरणांत मोडतो. माद्रिद स्पेनमध्ये आहे, हे काही तात्पुरतं नाही, तरी तिथे 'एस्ता'. माणूस मेलेला आहे, याहून कायमचं काय असेल, तरी 'एस्ता मुएर्तो'.

मी माझ्यापुरते काही मराठी नियम केले आहेत आणि ते मला पुस्तकातल्या नियमापेक्षा भरवशाचे वाटतात. पहिला नियम 'लेला'चा. मराठीत जिथे 'लेला-लेली-लेलं' येतं आणि पुढे 'आहे' येतं, तिथे 'एस्तार'. बसलेला, दमलेला, मोडलेला, कंटाळलेला, उघडलेलं, मेलेला. क्रिया होऊन गेली आहे आणि तिची अवस्था उरली आहे. मृत्यूसाठी 'एस्तार' का, याचं उत्तर इथे सरळ मिळतं. 'एस आबुर्रिदो' म्हणजे माणूस कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे कंटाळलेला आहे. त्याच्याच शेजारी 'गेला'चा नियम. पूल बांधला गेला, इथे 'सेर'. पूल बांधलेला आहे, इथे 'एस्तार'. घटना सांगायची की अवस्था, एवढाच प्रश्न.

दुसरा नियम 'दिसण्या-लागण्या'चा. 'ला सोपा एस्ता रिका' म्हणजे सूप छान लागतंय. 'एस्तास गुआपा' म्हणजे आज सुंदर दिसतेस. 'एस गुआपा' म्हणजे ती सुंदर आहे, आजच्या साडीचा त्यात संबंध नाही. आत्ता अनुभवाला आलेलं 'एस्तार'ने सांगतात, मराठी त्यासाठी क्रियापदच बदलते.

तिसरा नियम आपल्या नकाराचा, आणि तो मला सगळ्यात प्रिय आहे. 'तो चोर नव्हे' आणि 'तो घरी नाही' ही दोन वाक्यं जुनी माणसं काटेकोरपणे वेगळी बोलायची. कोण आहे, काय आहे, हे नाकारायचं तर 'नव्हे'. कुठे आहे ते नाकारायचं तर 'नाही'. स्पॅनिशमध्ये पहिलं 'नो एस', दुसरं 'नो एस्ता'. हल्ली 'नव्हे' बोलण्यातून मागे पडला आहे, सगळीकडे 'नाही'च ऐकू येतो. विशेषणांच्या बाबतीत हा नियम फारसा चालत नाही, कारण उंची नाकारतानाही आपण 'नाही'च म्हणतो. पण नामाच्या बाबतीत तो अचूक चालतो. आणि कार्यक्रम कुठे आहे हे सांगायला स्पॅनिश 'सेर' घेते. तिथे 'आहे'च्या जागी 'होणार आहे' घालून पाहावं. लग्न पुण्यात होणार आहे, म्हणून 'ला बोदा एस एन पुणे'.

लिंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आपल्याकडे तीन, तिकडे दोनच. 'ओ'कारान्त बहुधा पुल्लिंगी, 'आ'कारान्त बहुधा स्त्रीलिंगी; हात ('ला मानो') स्त्रीलिंगी आणि दिवस ('एल दिया') पुल्लिंगी, असे अपवाद पाठ करावे लागतात. टेबल ते आणि खुर्ची ती का, याचं उत्तर ज्याने कधी मागितलं नाही, त्याला मेज स्त्रीलिंगी असल्याचा धक्का बसत नाही.

भूतकाळाचे दोन प्रकार आहेत आणि तिथेही आपली वाट मोकळी आहे. 'खुगे' म्हणजे खेळले, एकदा, संपलं. 'खुगाबा' म्हणजे खेळायचे, किंवा खेळत होते. 'लहानपणी आम्ही अंगणात खेळायचो' यातला 'चो' जे काम करतो, तेच त्या 'आबा'चं. मी स्वयंपाक करत होते आणि फोन वाजला: चालू असलेलं एकात, मध्येच घडलेलं दुसऱ्यात. शाळेत आपण याला रीतिभूतकाळ, अपूर्ण भूतकाळ अशी नावं देऊन परीक्षेपुरतं शिकवतो. त्याचं खरं मोल मला दुसरी भाषा शिकताना कळलं.

प्रश्नचिन्हाचंही बघा. स्पॅनिशमध्ये विधान आणि प्रश्न यांची शब्दरचना पुष्कळदा सारखीच असते. 'उद्या येतोस' आणि 'उद्या येतोस का' यांत तिकडे 'का' नाही, फक्त आवाज चढतो. वाचणाऱ्याला आधीच कळावं म्हणून माद्रिदच्या शाही स्पॅनिश अकादमीने १७५४ साली प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह घालण्याचा नियम केला. आपला 'का' शेवटी येतो आणि तोंडानेच प्रश्न विचारतो, म्हणून आपल्याला त्या उलट्या चिन्हाची गरज कधी पडली नाही.

या सगळ्यानंतर येतं ते रूप, ज्याच्यामुळे लोक स्पॅनिश सोडून देतात. इच्छा, शंका, प्रार्थना, अजून न घडलेलं असं काही सांगायचं की क्रियापद आपला स्वर बदलतं. 'बिएनेस' म्हणजे येतोस. 'किएरो के बेंगास' म्हणजे तू यावंस असं मला वाटतं. इंग्रजीत या रूपाचे अवशेष तेवढे उरलेत, म्हणून पुस्तकं त्याला शेवटच्या प्रकरणात टाकतात. मराठीत ते ठणठणीत जिवंत आहे, शिवाय एकटंही नाही. 'यावंस' हा विध्यर्थ आहे. 'होवो', 'लाभो', 'मिळो' ही आशीर्वादाची आणि प्रार्थनेची रूपं आहेत. माणूस गेल्यावर आपण 'शांती लाभो' म्हणतो, स्पॅनिशमध्ये 'के एन पास देस्कान्से' म्हणतात. 'स्पॅनिश बोलणारा डॉक्टर' तुमच्या ओळखीचा असेल तर 'आब्ला'. 'स्पॅनिश बोलेल असा डॉक्टर' अजून सापडायचा असेल तर 'आब्ले'. आपल्या 'बोलेल असा'मध्ये जी अनिश्चितता आहे तीच त्या 'ए'मध्ये आहे.

'ओखाला युएबा', पाऊस पडो. यातला 'ओखाला' अरबीतून आलाय, देवाची इच्छा असो या अर्थाचा, स्पेनमधल्या मुसलमानी राजवटीचा वारसा. इथे मला एक मराठी माणूस आठवतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२४ साली मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या, दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. मेक्सिकोतलं मक्याचं बरंचसं शेत आभाळाकडे डोळे लावून असतं आणि वर्ध्याचंही. ज्याच्या घरच्या भाषेत 'पडो' आहे, त्याला 'युएबा' समजावून सांगायला मधल्या भाषेची काय गरज?

उच्चारात त आणि द आपले दंत्य आहेत, तेच तिथे लागतात. इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड केले नाहीत म्हणजे झालं. अडतं ते आघातापाशी. मी बोलते ते 'आब्लो' आणि तो बोलला ते 'आब्लो'. अक्षरं तीच, पहिल्यात जोर 'आ'वर, दुसऱ्यात 'ब्लो'वर. 'पापा' बटाटा की बाबा, तेही जोरावर ठरतं. मराठीत जोर हलवल्याने अर्थ असा बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला त्याची सवय नाही आणि देवनागरीत त्याची रोजची खूणही नाही. पण वेदाच्या पोथ्यांत स्वरिताची उभी रेघ आहे, अक्षराच्या डोक्यावर. तिथे ती स्वराच्या चढउतारासाठी असते. मी माझ्या वहीत ती आघातासाठी घेतली आहे: 'मी बोलते' ते नुसतं आब्लो, 'तो बोलला' ते आब्लो॑. शब्द स्वराने, 'न'ने किंवा 'स'ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर. इतर व्यंजनाने संपला तर शेवटच्यावर. याला सोडून जाणाऱ्या शब्दांवर स्पॅनिश स्वतःच चिन्ह देते, आणि मी रेघ देते तीही तेवढ्यांवरच. बाकीचे शब्द मोठ्याने वाचायचे, नातीने दुरुस्त केले की पुन्हा वाचायचे.